चार वर्षांची चाकरी आणि जन्माचे दुखणे

शिपाईगिरीचे गोडवे गाणाऱ्या मंडळींस आमचा एकच साधा प्रश्न आहे. शिपाई घरी परतल्यावर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी करावयाचा? ज्या सरकारची त्याने चाकरी केली त्या सरकारने, की त्याच्या बापाच्या दोन एकर कोरडवाहू रानाने?

हा प्रश्न आम्ही ढोकीत बसून विचारतो, त्यास कारण आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. ढोकीचा तेरणा साखर कारखाना पुष्कळ वर्षे बंद राहिला, तेव्हा ऊसवाल्यापासून हमालापर्यंत सर्वांच्या चुली मंदावल्या. अशा मुलखात कुणब्याच्या, धनगराच्या, बौद्ध-मातंगाच्या घरातील बारावी झालेल्या पोरास पगाराची जी एक-दोन दारे दिसतात, त्यांत फौज हे एक. पहाटे लातूर-बार्शी सडकेवर भरतीसाठी धावणारी पोरे आमच्याच वर्गांतून गेलेली आहेत. त्यांस आम्ही पाढे शिकविले. आता हा हिशेबही त्यांच्यापुढे मांडणे आम्हांस प्राप्त आहे.

पेन्शनर माजी सैनिकांकरिता १ एप्रिल २००३ पासून ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ चालू आहे. कार्डावरून लोक तिला ईसीएचएस म्हणतात. ती योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कर्करोग, हृदयविकार अशा दुखण्यांत तिने अनेकांची शेती सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचविली आहे. परंतु ‘अंशदायी’ हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. निवृत्त होताना सभासदाने एकरकमी वर्गणी भरावयाची असते, आणि योजना सुरू झाल्यावर जे पेन्शनीत निघाले त्यांस सभासदत्व सक्तीचे आहे. २००३ साली सर्वांत लहान पेन्शनीच्या मनुष्यास ही वर्गणी १,८०० रुपये पडे. डिसेंबर २०१७ पासून रंगरुटापासून हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकाऱ्यांस १,२०,००० रुपये असा दर झाला. युद्धविधवा व १९९६ पूर्वी निवृत्त झालेले यांस तेवढी माफी आहे. वर्गणी जशी हुद्द्याप्रमाणे, तशी इस्पितळातील खाटही हुद्द्याप्रमाणे. हवालदारापर्यंत सामान्य वॉर्ड, अधिकाऱ्यास स्वतंत्र खोली. गोळी मात्र हुद्दा विचारून लागत नाही!

बरे, वर्गणी भरली, पुढे काय? नियम असा की प्रथम योजनेच्या दवाखान्यात जावे, तेथील डॉक्टरने चिठ्ठी द्यावी, मग पॅनेलवरील इस्पितळात दाखल व्हावे. पुण्याच्या मनुष्यास हे सोपे आहे. ढोकी-तेरच्या पट्ट्यातील म्हाताऱ्या नाईकाच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली तर? तो चिठ्ठीची वाट पाहत नाही; गाडी मिळेल त्या वाटेने लातूर किंवा बार्शी गाठतो. नियमात तातडीची सोय आहे, हे खरे. पण ते इस्पितळ पॅनेलवरचे नसेल तर अठ्ठेचाळीस तासांत योजनेच्या दवाखान्यास कळवावे, बिल आधी पदरचे भरावे आणि मग कागद जोडून परतावा मागावा लागतो. परतावा मिळतो तो सरकारी दराने. इस्पितळाने लावलेला वरचा आकडा घरच्यांच्या माथी. पॅनेलवरील इस्पितळांचीही ओरड आहे की सरकारकडून बिले वेळेवर सुटत नाहीत. त्या दोघांच्या भांडणात खाट नाकारली जाते ती रुग्णास. ज्याने आयुष्यभर हुकूम पाळले, त्याला म्हातारपणी नक्कलप्रती जोडीत फिरावे लागते.

इतके असूनही पेन्शनर जवान भाग्यवान म्हणावा, अशी स्थिती आता येत आहे. १४ जून २०२२ रोजी सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षांची चाकरी. मग शंभरांतील फार तर पंचवीस कायम, बाकीचे घरी. घरी येणाऱ्यास पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक हा दर्जा नाही, आणि म्हणून ईसीएचएसचे कार्डही नाही. पहिल्या तुकड्यांचे शिक्षण २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी सुरू झाले. म्हणजे २०२६ संपता संपता ही पोरे गावोगाव परतण्याची वेळ येते. चाकरीत असताना मेला तर ४८ लाखांचा विमा आहे. चाकरीमुळे अपंगत्व आले तर पन्नास, पंचाहत्तर व शंभर टक्क्यांच्या पायऱ्यांनी १५, २५ व ४४ लाख एकदाच मिळतात. पण सियाचीनच्या थंडीने जो गुडघा धरला, तोफेने जो कान बसला आणि जे दुखणे पन्नास टक्क्यांच्या आत राहिले, ते घेऊन तेविसाव्या वर्षी घरी येणाऱ्याने पुढची चाळीस वर्षे काय करावे?

यावर सरकारपक्षाचे लोक म्हणतात, त्यास ११ लाख ७१ हजार मिळतात की! मिळतात, पण त्यातील जवळजवळ अर्धा भाग त्याच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापलेला असतो, हे सांगावयास ते विसरतात. आमच्याकडे ही रक्कम बहिणीचे लग्न, विहीर आणि जुने कर्ज यांत किती दिवस टिकेल, हे आम्ही सांगावे असे नाही. दुसरे म्हणतात, महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण ती शिपायास शिपाई म्हणून मिळालेली नाही, सर्व प्रजेस मिळालेली आहे. शिवाय ती यादीतील शस्त्रक्रिया व उपचारांसाठी दाखल झालेल्याची योजना आहे. महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या व कानाचे यंत्र तिच्यातून निघत नाही. जोतीरावांचे नाव पुढे करून फौजेचे देणे चुकविणे आम्हांस पसंत नाही.

‘पेन्शन नाही तर कार्ड नाही’ हा नियम ब्रह्मवाक्य आहे काय? खुद्द सरकारनेच तो मोडला आहे. दुसऱ्या महायुद्धातील जे शिपाई १९४५ नंतर पेन्शनीविना घरी धाडले गेले, त्यांस या योजनेत घेण्याचा निर्णय मार्च २०१९ मध्ये झाला. चौऱ्याहत्तर वर्षांनी! तोवर त्यांतील किती जिवंत उरले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. त्याच निर्णयाने अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांसही दार उघडले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन लक्ष घातल्यावर, खडकवासला, डेहराडून अशा प्रबोधिनींत शिक्षण घेताना जायबंदी झालेल्या अधिकारी छात्रांस वर्गणी माफ करून ही सवलत मिळाली. त्या मुलांचे दुःख खरे होते व त्यांस मिळाले ते योग्यच मिळाले. त्यात आम्ही तिळमात्र हात आखडू म्हणत नाही. परंतु ज्याने प्रबोधिनीत शिक्षण घेतले त्यास कार्ड, आणि ज्याने चार वर्षे सीमेवर बंदूक धरली त्यास नाही, ही वाटणी कोणत्या न्यायाची? वरच्या पंगतीस आधी वाढावे आणि खालच्या पंगतीने उरलेल्याची वाट पाहावी, हा रिवाज आम्ही गावात ओळखून आहोत. तो दिल्लीत गेल्याने त्याची जात बदलत नाही.

आमची मागणी थोडकी आहे. औषधाचा हक्क पेन्शनीस न बांधता बजावलेल्या चाकरीस बांधावा. अग्निवीरास निदान चाकरीत जडलेल्या दुखण्यापुरते कार्ड जन्मभर व वर्गणीवाचून मिळावे. पेन्शनर जवानास तातडीच्या प्रसंगी भरलेल्या बिलाचा परतावा ठराविक मुदतीत मिळावा.

ढोकी, तेर व आसपासच्या गावांतील माजी सैनिकांनी आणि भरतीस पोरे पाठविणाऱ्या पालकांनी येत्या ग्रामसभेत या तीन गोष्टींचा ठराव मांडावा. मसुदा आम्ही शाळा सुटल्यावर लिहून देऊ. ठरावाची एक नक्कल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास, एक खासदारांस व एक संरक्षणमंत्र्यांस स्पीड पोस्टाने जावी, आणि पोचपावती ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी.