दातांनी चाकू उघडू नका



माझ्या खालच्या ओठाखाली एक बारीक व्रण आहे. कोणी विचारले की, "लहानपणी पडलात वाटतं?" मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. आज मात्र खरे सांगतो. कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या खिशात तसलाच चाकू असेल, आणि सवयही तीच असेल.

पावसाळ्याची रात्र होती. गोठ्यात धडपड ऐकू आली म्हणून कंदील घेऊन गेलो. गोऱ्ह्याने खुंट्याभोवती फिरून फिरून दावे गुंडाळले होते, पाय घसरून तो खाली बसला होता आणि फास गळ्याला आवळत होता. डाव्या हाताने त्याची मान उचलून धरली, तेवढीच दाव्याला ढील मिळाली. उजव्या हाताने खिशातला घडीचा चाकू काढला. पण उघडायचा कसा? मान सोडावी तर फास बसतो. शेवटी पाते दातांत धरले आणि मूठ ओढली. पाते एकदम सुटले नि ओठ फाटला. गोऱ्हा वाचला, परंतु दोन टाके मला पडले.

तुम्ही म्हणाल, असे प्रसंग रोज थोडेच येतात? आपल्या नामपूरच्या शिवारात जरा फिरून पाहा. डाळिंबाला गुटी बांधणारा डाव्या हातात फांदी धरून असतो. द्राक्षाच्या मांडवाखाली एका हाताने वेल सावरून दुसऱ्याने सुतळी कापावी लागते. शिडीवर चढलेल्याचा एक हात शिडीलाच असतो. कांद्याच्या गोणीचे तोंड धरून ठेवणाऱ्या बाईचीही तीच गत. दुसरा हात मोकळा नसला की आपण सर्रास दातांचा उपयोग करतो.

ओठ कापण्यापेक्षाही मोठा धोका वेगळाच आहे. त्याच पात्याने आपण औषधाच्या पुड्या फोडतो. फवारलेल्या फांद्या त्यानेच छाटतो. मोरचूद नि कीटकनाशक पात्याच्या बेचक्यात बसते आणि तिथून थेट जिभेवर येते. फवाऱ्याच्या दिवशी हात न धुता तंबाखूसुद्धा मळू नये असे आपण पोरांना सांगतो, आणि स्वतः चाकू तोंडात घालतो!

तर मग उपाय काय?

आधी चाकूची जात ओळखा. आपल्या आठवडे बाजारात मिळणारा साधा चाकू नखाने उघडण्याचा असतो. पात्यावर नखापुरती खाच, पाठीमागे कडक पट्टी. तो दोन हातांचाच चाकू आहे. त्याला एका हाताने उघडण्याची कसरत करू नका. शिवाय बहुतेकांना अडकण असत नाही. टोकाने जोर लावला की पाते उलटून बोटांवर मिटते.

एका हाताच्या कामासाठी पात्याच्या बुडाशी अंगठ्यासाठी खुंटी किंवा गोल भोक असलेला, आणि उघडल्यावर अडकण बसणारा चाकू घ्यावा. ही युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेतील स्पायडर्को कंपनीने गोल भोकाचा चाकू १९८१ साली काढला, आणि पुढे तसे चाकू जगभर झाले. बटण दाबताच पाते उसळून बाहेर येणारा खटक्याचा चाकू मात्र घेऊ नका. तो खिशातच उघडला तर मांडीत घुसेल, आणि पोलिसांनी हटकले तर उत्तर देता देता नाकी नऊ येतील.

आता उघडण्याची रीत. पुष्कळजण मूठ करकचून आवळतात आणि अंगठ्याने पाते सरळ पुढे ढकलतात. मग पाते हलत नाही. याची कारणे दोन. आवळलेल्या बोटांचा दाब पात्याच्या अंगावर किंवा अडकणीच्या पट्टीवर पडतो, म्हणजे आपणच पाते दाबून धरतो. दुसरे असे की, पाते बिजागरीवर फिरते. ते सरळ जात नाही, दाराच्या फळीसारखे गोल वळते.

म्हणून मूठ बोटांच्या पेरांवर सैल धरा. एकही बोट पात्याच्या वाटेत किंवा पात्याच्या अंगावर नको. अंगठ्याचे टोक नव्हे, मांसल भाग खुंटीवर ठेवा. प्रथम थोडे बाहेरच्या बाजूला रेटा आणि मग अंगठा अर्धगोल फिरवत न्या. मनगटाला झटका देऊ नका. झटक्याने चाकू हातातून निसटतो. "खट्" असा आवाज आला की अडकण बसली. तो ऐकल्याशिवाय कापायला लागू नका.

शिकताना धारेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि चटईवर बसून सराव करा. रोज दहा वेळा, आठवडाभर. उजव्या हाताला जमले की डाव्याने करा. प्रसंग आला तेव्हा कोणता हात अडकलेला असेल ते आधी कोणी सांगावे? मात्र खुंटी दोन्ही बाजूंना आहे ना, हे विकत घेतानाच पाहून घ्या.

एवढे करूनही चाकू जड चालत असेल तर दोष हाताचा नाही, बिजागरीतल्या मातीचा आहे. कांद्याच्या खळ्यावरची धूळ आणि झाडाचा चीक तिथे साचून घट्ट होतो. जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने घासा, रॉकेलचे दोन थेंब सोडा, पाते चारदा उघडमीट करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. बिजागरीला स्क्रू असेल तर पाव फेरा सैल करून पाहा. पाते डावीउजवीकडे डुगडुगू लागले तर पुन्हा आवळा.

जनावराचे दावे कापताना गळ्याजवळ कापू नये. खुंट्याच्या बाजूला, धार जनावराकडून बाहेर ठेवून कापावे. घाबरलेले जनावर कधी मान झटकेल याचा नेम नाही.

आणि शेवटचे. चाकू एका हाताने उघडायला शिका, पण मिटताना दोन्ही हात लावा. अडकण सोडताना बोट पात्याच्या वाटेत येते आणि ते दिसत नाही. काम उरकल्यावर चाकू मिटायची कसली घाई? जनावर सुटले आहे, फांदी बांधून झाली आहे, दोन्ही हात मोकळे आहेत.

माझा तो जुना चाकू अजून घरात आहे. विळीशेजारी, खुंटीवरच्या पिशवीत. त्याने आता घरातली मंडळी भाजी चिरतात, दोन्ही हातांनी उघडून. गोठ्यात जाताना मात्र मी दुसरा नेतो. तुम्हीही आज रात्री निजण्यापूर्वी आपला चाकू खिशातून काढा आणि डावा हात पाठीमागे धरून तो उघडतो का ते पाहा. नाही उघडला, तर निदान तो दातांकडे नेणार नाही एवढे तरी स्वतःशी ठरवा.