शर्यत तीच, सूत्रं नवी

जुन्या गाड्या जिवापाड जपणारे आमचे वाचक हल्ली एकच प्रश्न विचारतात: आयोजक बदलले की शर्यतीचा आत्मा टिकतो का? म्हणून हा अंक इटलीतल्या मिले मिलियावर.

ब्रेशाहून रोमला जाऊन परतण्याची ही सुमारे हजार मैलांची शर्यत 1927 मध्ये सुरू झाली. 1955 मध्ये चालक स्टर्लिंग मॉसने ते हजार मैल 10 तास 7 मिनिटांत कापले. 1957 मध्ये मात्र ग्विदिझोलोजवळ एक फेरारी गर्दीत घुसली, नऊ प्रेक्षक दगावले आणि वेगाची ती शर्यत कायमची थांबली.

1977 मध्ये ती परतली, पण वेळ अचूक पाळण्याची स्पर्धा म्हणून. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळीवर पुढचं चाक नेमक्या क्षणी पडायला हवं. हिशेब सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. 2013 पासून आयोजन ब्रेशाच्या ऑटोमोबाइल क्लबने स्वतःच्या कंपनीकडे घेतलं.

आम्हाला वाटतं, 1977 चा तो बदल झाला नसता तर या गाड्या आज संग्रहालयातच दिसल्या असत्या. पुढच्या पानांवर आम्ही चालकांपेक्षा नियम लिहिणाऱ्यांकडे अधिक पाहिलं आहे. तुमचं मत वेगळं असेल, तर जरूर कळवा.