जीप कीं अँबॅसडर ?

जुन्या गाड्यांची गोष्ट निघाली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक महिंद्रांच्या सीजे-३बी जीपचा, दुसरा १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिलेल्या अँबॅसडरचा. आंकडे दोघांच्याहि जिभेवर असतात. आम्ही तेच आंकडे चंद्रपुराहून भामरागडाच्या वाटेवर नेऊन पाहणार आहों.

जीपचें पेट्रोल-इंजिन २,१९९ घन सेंटिमीटरचें, सुमारें ७० अश्वशक्तीचें. अँबॅसडरचें बहुपरिचित इंजिन १,४८९ घन सेंटिमीटरचें, सुमारें ५० अश्वशक्तीचें. जीप चढते ती या बळावर, असें सामान्यतः म्हणतात. तें अर्धसत्य होय. जीपला गिअरपेटीशिवाय दुसरी एक पेटी असते. तिचा खालचा टप्पा लावला म्हणजे वेग सुमारें अडीच पटीनें घटतो आणि चाकांस मिळणारा जोर तितकाच वाढतो. शिवाय पुढचीं चाकेंहि ओढूं लागतात. आलापल्लीपुढच्या चिखलांत खरा उपयोग याचा.

परंतु ‘वाहन’ हा शब्द ‘वह्’ धातूपासून आला. नुसतें जाणें नव्हे, वाहून नेणें हें त्याचें कर्म. तेव्हां आंत कोण बसलें आहे, हेंहि विचारावयास हवें. जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ८० इंच, अँबॅसडरचें ९७. जीपच्या चारी चाकांवर कमानपाटे. अँबॅसडरच्या पुढच्या चाकांस पीळ घेणाऱ्या सळ्या. म्हणून मूलवरून गडचिरोलीस जाणाऱ्या डांबरी सडकेवर वृद्धांनीं व गर्भवतींनीं अँबॅसडरच पत्करावी. उंच, आंखूड जीप वेगांत वळविली तर कलंडण्याचें भय असतें. त्यांत दाटीनें माणसें भरणें हा तर अविचारच.

जुनी जीप बाळगणाऱ्या कुटुंबांनीं आणखी एक पथ्य पाळावें. कोरड्या, कठीण सडकेवर पुढचीं चाकें जोडूं नयेत. दांतचक्रांवर नाहक ताण येतो.

आणि नाला वाहता असेल तर? पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट कितीदां तरी तोडली आहे. तेथें अश्वशक्ति मोजूं नये. वाहतें पाणी जड गाडीसहि उचलतें. घरांतील कर्त्या माणसानें अशा वेळीं चालकाच्या धाडसाचें कौतुक न करतां त्यास थांबण्याची आज्ञा द्यावी. उशीर सोसतां येतो.