प्रस्तावनेचे काम

नव्या लेखकाचा पहिला संग्रह उघडला की आत बहुधा एखाद्या नामवंताची दीड-दोन पानांची प्रस्तावना असते. 'आशयघन', 'अनुभवसंपन्न', 'मराठी साहित्यात मोलाची भर', आणि शेवटी पुढील लेखनास शुभेच्छा. हीच पाने दुसऱ्या कुठल्याही संग्रहाला जोडली तरी चालतील. यात नुकसान होते ते त्या नव्या लेखकाचे. त्याला जाणता वाचक हवा होता, मिळाले प्रशस्तिपत्र.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (1972) प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. त्या कवितांमधले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत, हे त्यांनी उघड मान्य केले. त्यांचे अर्थ कवीलाच विचारले आणि त्याच्यासोबत त्या कवितांमधल्या वस्तीत हिंडून आले. पांढरपेशा वाचकाला पुढे जी अडचण येणार होती, ती त्यांनी आधी स्वतः अनुभवली आणि मग लेखणी उचलली. अशी प्रस्तावना वाचून झाल्यावर वाचक कवितेकडे जातो तो थोडा तयार होऊन, थोडा हादरून. स्तुती कितीही केली असती तरी हे साधले नसते.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्याच खंडाच्या (1898) प्रस्तावनेत त्यांनी जुन्या पत्रांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या चुका दाखवल्या. या खंडांच्या प्रस्तावना पुढे स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांची सगळी मते आज टिकत नाहीत, पण कागद वाचल्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

सभांमधल्या प्रास्ताविकाची स्थिती अधिक वाईट आहे. सहाचा कार्यक्रम. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, संस्थेच्या स्थापनेपासूनचा आढावा, मग पाहुण्यांचा परिचय: जन्मगाव, पदव्या, पुरस्कार, भूषवलेली पदे, सगळे कागदावरून जसेच्या तसे. मुख्य वक्त्याच्या हाती माईक येतो तेव्हा पावणेआठ वाजलेले असतात. मागच्या रांगेतली माणसे शेवटच्या बसच्या काळजीने उठू लागतात आणि महिनाभर तयारी करून आलेला अभ्यासक निम्मे टिपण बाजूला ठेवून घाईघाईने बोलतो. हा वक्त्याचा अपमान आहे आणि लांबून आलेल्या श्रोत्यांचाही.

वक्त्याला स्वतःबद्दल जे सांगता येत नाही तेवढेच प्रास्ताविकाने सांगावे: या विषयावर याच माणसाला का बोलावले, त्याने नेमके कोणते काम केले, आणि आपल्या गावाला ते आज का ऐकायला हवे. पाच मिनिटे त्याला पुष्कळ झाली. पदव्या आणि पुरस्कार निमंत्रणपत्रिकेच्या मागे छापता येतात. आणि वक्त्याचे एकही पुस्तक वाचलेले नसेल, तर केवळ पदाधिकारी म्हणून कुणाला हे काम देऊ नये. गावातल्या ग्रंथालयातून ते पुस्तक नेऊन वाचलेला एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी सापडतोच, त्याला उभे करावे.