माहुल रिकामं का राहिलं?

झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जमीन सरकारची, पैसा बिल्डरचा. रहिवाशांना विचारत बसलात तर एक वीट रचली जाणार नाही." मला हे साफ अमान्य आहे.

न विचारता काय होतं ते मुंबईतल्या माहुलने दाखवलं. तानसा जलवाहिनीलगतच्या विद्याविहार-घाटकोपर पट्ट्यातल्या झोपड्या हटल्या आणि माणसं माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकली. इमारती तयार होत्या, पण तिथली हवा श्वास घेण्याजोगी नव्हती. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलची सक्ती नाकारली आणि ज्यांना दुसरं घर देता येत नाही त्यांना महिना १५ हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. यात वेळही वाचला नाही, पैसाही नाही.

दुसरा आक्षेप असा की हे लोक फुकटचं घर विकून पुन्हा झोपडीत जातात. काही जण विकतात, खरं आहे. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामापासून दोन गाड्या लांब ठेवलंत, वर लिफ्टचा नि पाण्याचा खर्च लावलात, तर ती कामाजवळच परतणार. दोष तिच्या हेतूत नाही, जागेच्या निवडीत आहे.

विचारून केलं तर काय होतं, यासाठी चांदिवलीचं संघर्षनगर बघा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्या १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर उठू लागल्या, तेव्हा सरकारने जागा दाखवली ती कल्याणकडच्या शिरढोणची. रहिवाशांसाठी लढणाऱ्या निवारा हक्क सुरक्षा समितीने ती नाकारली आणि शहरातच घरं मागितली. मग चांदिवलीतली खाणीची खासगी जमीन, त्यापोटी विकासकाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), वास्तुरचनाकार पी. के. दास यांचा आराखडा, सरकारची मंजुरी असं सगळं जुळून आलं. कुटुंबांनी प्रत्येकी सात हजार रुपये हप्त्याहप्त्याने भरले. म्हणजे 'फुकट' हा शब्दही इथे लागू होत नाही. शाळा, दवाखाना मागे पडले, ही त्या कामातली मोठी उणीव. माझ्या मते ती संघटनेमुळे नव्हे, महापालिकेला सुरुवातीपासून बांधून न घेतल्यामुळे राहिली.

आता घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरच्या पुनर्वसनाचं काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आणि झोपु प्राधिकरण मिळून करत आहेत. दोन सरकारी यंत्रणा एकत्र आल्या म्हणजे सहकार्य झालं, असं मी मानत नाही. घराचा नकाशा वस्तीतल्या बायकांपुढे ठेवा. मोरी कुठे, कपडे वाळत कुठे घालायचे, खिडकीसमोर दुसरी भिंत किती फुटांवर, हे त्यांना आधी विचारा आणि त्यांच्या हरकतीने नकाशा बदलण्याची तयारी ठेवा. शाळेची आणि दवाखान्याची तारीख वॉर्ड ऑफिसकडून करारातच लिहून घ्या.