विश्लेषण : मध ‘शुद्ध’ असला तरी शिसेमुक्त असतो का?

मधातील भेसळ म्हटले की साखरेचा पाक आठवतो. मात्र, पाकाचा थेंबही नसलेल्या मधात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांचे अंश असू शकतात. चव, रंग किंवा वासावरून ते कळत नाहीत.

धातू येतात कुठून?
मधमाशी पोळ्याभोवती काही किलोमीटरच्या टापूत फिरते. तेथील धूळ, पाणी आणि मकरंद यांतील धातू तिच्याबरोबर पोळ्यात पोहोचतात. दुसरे कारण भांड्यांचे. मध आम्लधर्मी असल्याने जस्ताचा मुलामा किंवा शिशाचा डाख असलेल्या डब्यात तो दीर्घकाळ राहिल्यास धातू त्यात उतरतो. म्हणूनच साठवणुकीसाठी स्टेनलेस स्टील किंवा काच योग्य ठरते.

पॅरिसमध्ये काय आढळले?
एप्रिल २०१९ मध्ये नोत्र दाम चर्चला आग लागली. छप्पर व मनोऱ्यात शेकडो टन शिसे होते. धूर ज्या दिशेला गेला, तेथील पोळ्यांच्या मधात शिशाचे प्रमाण वाढल्याचे संशोधकांना आढळले. सर्वाधिक प्रमाण किलोमागे ०.०८ मिलिग्रॅम होते. युरोपीय महासंघाची मर्यादा ०.१० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मध मर्यादेत होता, पण परिसरातील प्रदूषणाची नोंद त्यात उमटली होती.

चाचणी कशी होते?
मधाचा नमुना नायट्रिक आम्लात तापवून विरघळवतात. हे द्रावण आर्गॉन वायूच्या अतितप्त प्लाझ्मात फवारले जाते. तेथे बनलेले धातूंचे आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतात. ‘आयसीपी-एमएस’ नावाच्या या पद्धतीने अब्जात काही भाग इतके अल्प प्रमाणही कळते.

मग ‘एनएमआर’ चाचणी कशासाठी?
सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० मध्ये १३ ब्रँडचा मध तपासला, तेव्हा १० ब्रँड ‘एनएमआर’ चाचणीत नापास झाले. ही चाचणी साखरेची भेसळ ओळखते, शिसे मोजत नाही. त्यामुळे ‘एनएमआर उत्तीर्ण’ म्हणजे ‘धातूमुक्त’ नव्हे.

भारतासाठी मुद्दा महत्त्वाचा का?
युरोपीय महासंघाने २०१० मध्ये भारतीय मधाची आयात थांबवली होती. शिसे व प्रतिजैविकांचे अंश आणि मध नेमका कुठून आला याचा माग लागत नसणे, ही कारणे त्यामागे होती. अनेक ठिकाणचा मध एकत्र केल्यावर दूषित डबा कोणाचा, हे शोधणे कठीण होते. त्यामुळे चाचणी संकलनाच्या टप्प्यावरच हवी.

ग्राहकाने काय करावे?
पाण्यात थेंब टाकणे किंवा मधात बुडवलेली काडी पेटवणे, अशा घरगुती प्रयोगांतून शिसे कळत नाही. बाटलीवरील ‘एफएसएसएआय’ क्रमांक परवान्याचा असतो. ती विशिष्ट बाटली तपासल्याचा दाखला तो नव्हे. विक्रेत्याकडे बॅच क्रमांकानुसार जड धातूंचा अहवाल मागता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही आणि सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. घरात मुलांना रोज मध दिला जात असेल, तर हा अहवाल मागायलाच हवा.