धुतले, गेले!

दिवाळीच्या पहाटे उटणे चोळताना वर्षातून एकदा आपल्याला कातडीची आठवण होते. एरवी ती बिचारी मुकाट चाकरी करीत असते. सणाच्या दिवशी, चिरोट्यांचे ताट पुढ्यात असताना, हा गृहस्थ किरणोत्सर्गाचे रडगाणे का लावून बसला, असे वाचक विचारतील. कारण हा प्रश्न तुर्भ्याच्या कुंपणाआड राहिलेला नाही. आमच्या कर्जतहून शटल गाडीने अर्ध्या तासात जेथे उतरता येते, त्या खोपोलीचा तो आहे.

२००८ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडला. बटनांचे पोलाद हिंदुस्थानातले होते. माग काढीत काढीत तपास आला तो खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळच्या एका ओतशाळेच्या दारात! भंगाराबरोबर किरणोत्सारी धातू भट्टीत गेला, की कोबाल्ट मळीबरोबर वर येत नाही. लोखंडाचा भाऊबंदच तो, पोलादात मुरून बसतो. फ्रान्समधल्या कारखान्यात ही बटने हाताळणाऱ्या सुमारे २० कामगारांना १ ते ३ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली, असे तेथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा आहे १. त्या फ्रेंच बोटांची विचारपूस झाली, हे योग्यच झाले. पण तेच पोलाद आधी आपल्याकडे कोणी तरी ओतले होते ना? भंगार वितळवणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ‘किरणोत्सर्ग कामगार’ बसत नाही. म्हणून मात्रा मोजणारा बिल्ला त्याच्या छातीवर नसतो.

आणि बिल्ला असला म्हणजे सारे झाले काय? मी उमेदीच्या काळात एका प्रयोगशाळेत होतो. नाव सांगत नाही, कारण भांडण त्या इमारतीशी नाही. एकदा हातमोज्याच्या काठाखालून फॉस्फरस-३२ चा थेंब डाव्या मनगटावर गेला. संध्याकाळी बाहेर पडताना यंत्र कडकडू लागले, तेव्हा कळले. थेंब लागून चार तास झाले होते. साबण आणि कोमट पाण्याने मनगट धुतले, यंत्र गप्प झाले, आणि नोंदवहीत चढले : ‘मनगट धुतले. स्वच्छ.’ साहेब म्हणाले, “धुतले, गेले! चला, तुमची गाडी चुकेल.”

गाडी मिळाली. वाटेत तिकिटाच्या पाठीवर मी हिशेब मांडला. डाग होता सुमारे १०,००० बेक्वेरेलचा, जागा १ चौरस सेंटिमीटर. फॉस्फरस-३२ चे १,००० बेक्वेरेल एवढ्या जागेवर असले, तर कातडीला तासाला सुमारे २ मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे माझे तासाला २० आणि चार तासांचे ८०. बिल्ल्यावर मात्र शून्य! बीटा किरण अंगात काही मिलिमीटरांतच दम टाकतात. मनगटावरचा थेंब छातीवरच्या बिल्ल्याला कसा दिसावा?

दुसऱ्या दिवशी कागद दाखवला, तर साहेब हसले. “अहो, एवढासा ठिपका! सगळ्या हातावर वाटून टाका.” १०० चौरस सेंटिमीटरवर वाटले की ८० चे ०.८ होतात, हे खरे. पण मग शेजाऱ्याचे घर जळाले तर सारा गाव सरासरीने कोमटच म्हणायचा! नियम असा की कातडीची मात्रा १ चौरस सेंटिमीटरवरच धरायची, आणि तीही वरच्या मृत थराखाली, ०.०७ मिलिमीटर खोलीवर, जेथे जिवंत पेशी असतात.

“कामगाराला वर्षाला ५०० ची मुभा आहे,” हे त्यांचे दुसरे अस्त्र. आहे. ८० ने कातडी भाजत नाही; लाली येण्यास हजारोंच्या घरातली मात्रा लागते. मला भीती घालायची नाही. पण ५०० ची बेरीज करायची, तर आधी ८० लिहायला नकोत? ‘स्वच्छ’ या शब्दाची बेरीज कशी करणार? धुण्याने पुढची मात्रा थांबते. मिळालेली मात्रा कोणत्याही साबणाने निघत नाही. डाग किती, किती जागेवर, किती वेळ, या तीन गोष्टी धुण्याआधी लिहिल्या नाहीत, तर नंतर ब्रह्मदेवालाही हिशेब लागायचा नाही. आणि तो हिशेब ज्याच्या कातडीचा, त्याच्या हातात, त्याला वाचता येईल अशा मराठीत पडला पाहिजे. कपाटातल्या इंग्रजी फायलीत नव्हे.

शेजारच्या वहिनींचा मुलगा खोपोलीकडे भंगाराच्या आवारात कामाला आहे. परवा करंज्यांचा डबा घेऊन आला, तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर अर्ध्या तासाचा उशीरसुद्धा लिहून कापतात. मग हे लिहायला त्यांच्याकडे शाई नाही होय?”

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. त्याची रात्रपाळी होती. डबा तसाच ठेवून तो स्टेशनाकडे गेला.